शब्दचर्चा : ‘कॅज्युअल गेमर’ आणि ‘डेडिकेटेड गेमर’ यांना आपल्याकडे काय म्हणावं?

आर्वी तालुका, गावच्या वाचनालयातून

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातले आम्ही काही जण मिळून गावापुरती एक पाहणी करतो आहोत. विषय आहे मोबाइलवरचे गेम. कोण खेळतं, केव्हा खेळतं, कोणाला काय आवडतं, एवढंच समजून घ्यायचं आहे. गावात या विषयावर दोनच वाक्यं कानावर येतात. एक, ‘पोट्टे बिघडले या मोबाइलपायी’. दुसरं, ‘खेळू द्या न, काय होते’. या दोन्हींच्या मध्ये बरंच काही असणार, पण ते कोणी विचारत नाही.

प्रश्नावलीचा नमुना मिळाला तो इंग्रजी वळणाचा आहे. पहिलाच प्रश्न असा : तुम्ही कॅज्युअल गेमर (सहज, वेळ मिळेल तसा खेळणारे) आहात की डेडिकेटेड (खेळात जीव असलेले)? आणि पुढे : हा गेम यांपैकी कोणाला जास्त भावतो? कोशात पाहिलं तर पहिल्याला ‘हौशी’ आणि दुसऱ्याला ‘समर्पित’ असे शब्द हाती येतात. ते घेऊन मी गावात जाऊ शकत नाही, कारण दोन्ही शब्दांतून भलताच अर्थ पोचतो असं मला वाटतं. शब्द असा हवा की दहावीतलं पोरगं, संत्र्याच्या बागेत काम करणारा माणूस आणि नातवाच्या फोनवर लुडो खेळणारी आजी, तिघांनाही विचारता यावा आणि कोणालाही तो ऐकून अपमान वाटू नये.

दर्यापूरहून, निवृत्त शिक्षक

ताई, तुमची शंका रास्त आहे. ‘हौशी’पासून सुरू करू.

हौस हा शब्द मुळात अरबी ‘हवस’वरून आलेला. हिंदीत तो वासनेकडे गेला, मराठीत मात्र त्याला घरपण आलं. आपण हौसेनं साडी घेतो, हौसेनं पुरणपोळी करतो. त्यामुळे हौशी माणूस कमी आवडीचा असतो हे मराठी कानाला पटतच नाही. राज्य शासनाची ‘हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा’ आठवा. तिथे उतरणारी मंडळी दिवसभर नोकरी, शेती सांभाळून रात्री तालमी करतात. त्यांना ‘कॅज्युअल’ म्हणण्याची कोणाची छाती होईल? हौशीच्या समोर मराठीत ‘धंदेवाईक’ किंवा ‘व्यावसायिक’ उभा राहतो. म्हणजे तो भेद पैशाचा आहे, मनाच्या ओढीचा नाही.

जत्रेला जाणारे हौशे, नवशे, गवशे ही आपली जुनी वाटणी बघा. हौशा मजेला जातो, नवशा नवस फेडायला, गवशा काहीतरी हाती लागतं का ते पाहायला. गेमच्या जगातही हे तिघे आहेत, पण त्यात तुमचा ‘डेडिकेटेड’ कुठे बसवायचा? नवशाजवळ निष्ठा आहे, पण ती देवावर, जत्रेवर नाही.

‘समर्पित’ तर सोडूनच द्या. तो शब्द सत्काराच्या भाषणात राहतो. कोणाचं आयुष्य कुष्ठरोग्यांच्या सेवेला समर्पित असतं. फोनवरच्या खेळाला तो लावला तर दोघांचाही मान जातो.

‘पट्टीचा’ आणि ‘हाडाचा’ हे दोन शब्द विचारात घ्या. पट्टीचा पोहणारा, पट्टीचा खेळाडू. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. मात्र पट्टीचा म्हणताना आपण कौशल्य सांगतो आणि हाडाचा म्हणताना स्वभाव.

वडसा (देसाईगंज) हून

गुरुजी, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, या माणसाला सरळ ‘शौकीन’ म्हणतात. दिवाळी झाली, धान कापून झाले, की मंडई (गावची जत्रा) भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि नाटकं सुरू होतात. वडशातून निघालेली कंपनी गावोगाव जाते, नाटक रात्री उशिरा उभं राहते ते पहाटेपर्यंत. थंडीत ब्लँकेट घेऊन मैलभर चालत येणारा, कोणत्या कंपनीत यंदा कोण नट आहे हे तोंडपाठ असणारा, त्याला आम्ही म्हणतो ‘नाटकाचा शौकीन’. बैलांच्या बाबतीतही तसंच. पटाचा शौकीन म्हणजे घरी खायला कमी पडलं तरी बैलाचा खुराक चुकू न देणारा माणूस. शंकरपटावर बंदी होती त्या वर्षांतही अशांनी जोड्या विकल्या नाहीत. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली तेव्हा पटाच्या दाणीवर (धावपट्टीवर) सगळ्यात आधी तेच दिसले.

शौकीन शब्दात ओढ आहे, जाणकारी आहे, थोडा खर्चही आहे. आणि लोक आदरानं बोलतात. मग ‘गेमचा शौकीन’ का नको?

सिंदेवाही तालुक्यातून

मी स्वतः खेळतो, वय बावीस, दूध संकलनाचं काम सकाळ-संध्याकाळ, मधल्या वेळात फ्री फायर हा बंदुकांच्या लढाईचा गेम. तुम्ही सगळे मोठे आहात म्हणून आमच्यातले शब्द सांगतो, कारण ते तुमच्या कोशात नसतील.

आमच्यात कोणी कोणाला कॅज्युअल म्हणत नाही. आमच्यात ‘नूब’ असतो, ‘बॉट’ असतो आणि ‘प्रो’ असतो. नूब म्हणजे नवखा. बॉट म्हणजे असा खेळणारा की जणू कंपनीनं सोडलेला यंत्राचा गडी, ज्याला कोणीही मारावं. प्रो म्हणजे पट्टीचा. हे तिन्ही शब्द हात किती चालतो ते सांगतात. आमच्या गावात एक पोट्टा आहे, शाळा सुटली की रोज खेळते, दोन वर्षं झाली, अजून नूबच आहे. पण त्याच्याइतकी या गेमची माहिती कोणालेच नाही. कोणत्या बंदुकीची रेंज किती, नवीन अपडेटमधी काय बदललं, सगळं त्यालेच विचारतो आम्ही. आता त्याले तुम्ही काय म्हणाल? माझ्या मतानं तोच खरा डेडिकेटेड.

दुसरं. कोण किती मनापासून खेळत होतं हे सरकारनं गेमवर बंदी आणली तेव्हा कळलं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झालं. तेव्हा आमच्या टोळीतले निम्मे लुडो, कॅरमवर गेले आणि तिथेच रमले. त्यांना सोबत हवी होती, गेम कोणता याचं काही नव्हतं. बाकीचे फ्री फायरवर आले, पण नजर बातम्यांवर. २०२१च्या जुलैत बीजीएमआय (पब्जीचाच भारतासाठीचा अवतार) आलं तसे परत गेले. २०२२च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, मग आम्ही त्याच्याच ‘फ्री फायर मॅक्स’ या दुसऱ्या रूपावर. त्याच वर्षी जुलैत बीजीएमआय पण स्टोअरवरून गेलं आणि थेट २०२३च्या मे महिन्यात परत आलं. एवढ्या येण्याजाण्यात जो टिकला त्याचा जीव त्या खेळात होता. तास मोजून हे कळलं नसतं.

आणि एक गोष्ट फोनची आहे. बीजीएमआयची मोठी मॅच शंभर जणांची, अर्धा तास धरून चाला. फ्री फायरमध्ये पन्नास जण आणि दहाएक मिनिटांत निकाल. शिवाय ते कमी रॅमच्या फोनवर चालते. आमच्याकडे बहुतेकांनी फ्री फायर निवडलं ते यामुळे. त्यावरून कोणी म्हणेल की गावातली मुलं हलका गेम खेळतात म्हणून ती कॅज्युअल, तर ते चूक आहे.

मोर्शीहून, संत्रा उत्पादक

या भावानं दहा मिनिटं आणि अर्धा तास म्हटलं, त्यावरून मला बोलावंसं वाटलं.

आमच्याकडे ओलिताची थ्री फेज लाइन पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रातची लाइन असली की मोटर सुरू करून बागेत बसायचं, एका ओळीचं पाणी झालं की दुसऱ्या ओळीत सोडायचं. हरभऱ्याच्या दिवसांत त्यावर जागल. रानडुकरं येतात, रोही (नीलगायी) येतात, डोळा लागला की वावर साफ. पूर्वी माणूस बिडी ओढत, रेडिओ ऐकत बसे. आता फोन आहे. मी कँडी क्रश हा रंगीत गोळ्या जुळवायचा गेम खेळतो, माझा शेजारी लुडो. आमच्या पोरांना वाटते आम्ही टाइमपास करतो. तसं नाही, आम्ही जागं राहतो.

मी पोराच्या सांगण्यावरून एकदा पब्जीसारखा गेम घेऊन पाहिला. चांगला वाटला, पण वावरात तो चालत नाही. का? कारण मध्येच उठता येत नाही. तिकडे कुत्रं भुंकलं की मला बॅटरी घेऊन धावावं लागते, इकडे चौघांच्या संघातला एक गडी मी, मी उठलो की बाकीचे तिघे अडचणीत. कँडी क्रशमध्ये मी खेळ तसाच टाकून उठतो. अर्ध्या तासानं आलो तरी तो तिथेच असतो, उलट तेवढ्यात एक लाइफ (खेळायची एक संधी) भरून मिळते.

तर माझ्या मनानं खेळाचेच दोन प्रकार करा. पाहुणा घाईत असला की आपण म्हणतो, ‘उभ्या-उभ्या येऊन गेला’. तसे काही गेम उभ्या-उभ्याचे आणि काही बैठकीचे. कोणता गेम कोणाला भावतो ते पुष्कळदा यावर ठरते की त्या माणसाच्या दिवसात बैठक किती निघते. बैठक निघणं हे पैशासारखंच आहे भाऊ, सगळ्यांजवळ सारखं नसते.

आर्वीहून

भाऊ, ‘उभ्या-उभ्याचा’ हा शब्द मी वहीत लिहून घेतला. मी गेम आणि खेळणारा यांना एकाच शब्दानं बांधू पाहत होते, तिथेच गाठ बसली होती. नमुन्यात ‘कॅज्युअल गेम’ आणि ‘कॅज्युअल गेमर’ असे दोन्ही शब्द आहेत आणि पहिला खेळणारा तो दुसराच असणार असं त्यात धरून चाललं आहे. तुम्ही जागलीवर रोज कँडी क्रश खेळता, तर गेम उभ्या-उभ्याचा आहे, पण तुम्ही कोण?

दर्यापूरहून

‘बैठकीचा’ हा शब्द मात्र जरा जपून. शाळेत आम्ही मुलांना मैदानी खेळ आणि बैठे खेळ अशी विभागणी शिकवतो. बुद्धिबळ, कॅरम, अष्टा-चंगा हे बैठे खेळ. त्या हिशेबानं मोबाइलवरचा प्रत्येक गेम बैठाच. तुमची पाहणी मुलांसमोर गेली की ते नेमकी हीच गल्लत करतील. ‘एका बैठकीचा’ असं म्हटलं तर अर्थ स्वच्छ होतो : बसलं की डाव पुरा करूनच उठायचं.

अकोल्याहून, मूळ गाव तेल्हारा तालुक्यात

मी संगणक क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं मागचं सांगतो. ही दोन नावं गेम जन्मले तेव्हा नव्हती. १९८० चा पॅक-मॅन नाणं टाकून खेळायचा, येणारा-जाणारा कोणीही उभं राहून दोन डाव खेळे. खरोखरच उभ्या-उभ्या! पुढे घरच्या टीव्हीला जोडायचे गेम आले, ते लांबत आणि अवघड होत गेले, आणि ते खेळणाऱ्यांनी स्वतःला वेगळं मानायला सुरुवात केली. मग २००० नंतर बिज्वेल्डसारखे रंगीत खडे जुळवायचे गेम संगणकावर पसरले, २००६ मध्ये निन्टेन्डोनं ज्यांनी कधी गेम खेळला नाही अशांसाठी वी हे यंत्र आणलं, आणि या नव्या खेळणाऱ्यांना ‘कॅज्युअल’ हे नाव पडलं. नाव विक्रीच्या सोयीचं होतं, माल कोणाला विकायचा यासाठीचं. माणसाच्या मनाचं मोजमाप म्हणून ते केलेलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सापाचा गेम. नोकियाच्या फोनवर तो १९९७ मध्ये आला. गावात पोचला तो पुढे टॉर्चवाल्या ११०० बरोबर. चार बटणं, एक साप, शिकायला काही नाही. आमच्या तेल्हाऱ्याकडच्या गावात एसटी येईपर्यंत खेळणारे होते, आणि सापाच्या शेपटीनं सगळा पडदा भरेपर्यंत न थांबणारेही होते. गेम तोच.

उमरखेड तालुक्यातून, किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनाचं काम

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या यादीत ‘नादी’, ‘लत’, ‘व्यसनी’ हे शब्द येऊ देऊ नका. आमच्याकडे आई येते आणि म्हणते, ‘मायं पोट्टं गेमच्या नादी लागलं, त्याले लत लागली’. मी विचारते, जेवतो का, झोपतो का, शाळेत जातो का, मित्रांत बसतो का? पुष्कळदा सगळं ठीक असतं. त्याला खेळ मनापासून आवडतो, इतकंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगशी संबंधित विकाराची नोंद आहे, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातल्या खुणा पाहा. खेळण्यावरचा ताबा सुटणं, जगण्यातल्या बाकी सगळ्या गोष्टींच्या वर खेळाला जागा देणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. आणि हे साधारण बारा महिने चाललेलं, जगणं विस्कटेल इतक्या तीव्रतेचं असावं लागतं. यात तासांचा आकडा नाही. म्हणून जास्त खेळणारा म्हणजे व्यसनी हे समीकरण वैद्यकातही बसत नाही. उलट, रोज थोडाच वेळ खेळणारा पण त्यापुढे हतबल झालेला मुलगाही मी पाहिला आहे.

आणखी एक. गावात रमीच्या ॲपलाही ‘गेम’ म्हणतात आणि फ्री फायरलाही ‘गेम’. बापाचा पैसा रमीत गेलेला असतो आणि बोलणी पोराच्या फ्री फायरला बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स (स्पर्धेचे गेम), ऑनलाइन सोशल गेम (करमणुकीचे) आणि ऑनलाइन मनी गेम (पैसे लावायचे) असे तीन वेगळे प्रकार आहेत आणि बंदी तिसऱ्यावर आहे. तिसऱ्यासाठी आपल्याकडे शब्द शोधायची गरजच नाही. पैसे लावून खेळलेल्या डावाला आपले आजोबा जुगार म्हणत, तोच ठेवा. पाहणीत तो वेगळ्या पानावर घ्या.

‘नाद’ हा शब्द मला स्वतःला गोड वाटतो, भजनाचा नाद म्हटलं तर कोणी रागावणार नाही. पण मोबाइलच्या शेजारी तो बसला की त्यात दोष शिरतो. मुलाच्या कपाळावर एकदा असा शब्द बसला की तो सहज निघत नाही.

मेहकरहून, बचत गटाचं काम

शौकीन शब्दावर सगळे खूश दिसतात म्हणून लिहिते. हा शब्द पुरुषाला शोभतो. आमच्या गावात ‘ती बाई मोठी शौकीन आहे’ असं कोणी बोललं तर त्यात नटण्यामुरडण्याचा आणि त्याहून वाईट असा टोमणा असतो. आणि पुरुषालाही नुसतं ‘शौकीन आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बाटली दिसते. ‘नाटकाचा’, ‘पटाचा’ असं पुढे लागलं की मगच तो शब्द सभ्य होतो. वाचनालयातल्या ताईंनी आमच्या गटातल्या बायकांना विचारलं, ‘तुम्ही गेमच्या शौकीन का?’ तर एकही हात वर होणार नाही. आणि पाहणीत लिहिलं जाईल की बायका खेळतच नाहीत.

खेळतात ताई, खूप खेळतात. आमच्यातली एक जण स्वयंपाक झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, सगळे झोपल्यावर कँडी क्रश उघडते. पाच लाइफ संपल्या की फोन ठेवते, पहाटे चुलीवर पाणी तापेपर्यंत पुन्हा. तिच्या पातळ्या हजारांत आहेत. कोणती पातळी कशी सुटते ते ती दुसऱ्या बायकांना समजावून सांगते, कुठे पट्टेरी गोळी जपून ठेवायची, कुठे आधी चॉकलेट फोडायचं. तिला विचारलं तर म्हणते, ‘मी कायची गेम खेळते माय, उगीच बसल्या बसल्या’. बाईला स्वतःच्या करमणुकीला मोठं नाव द्यायची सवयच नसते. म्हणून तुम्ही ‘तुम्ही कोण’ असं विचारूच नका. ‘कशा खेळता’ असं विचारा. ‘मन लावून खेळता का?’ म्हटलं तर ती हो म्हणेल. मन लावून हा शब्द अभ्यासाला चालतो, निंदणाला चालतो, रांगोळीला चालतो, त्याची कोणाला लाज वाटत नाही.

दर्यापूरहून

मेहकरच्या ताईंनी गाठ सोडवली असं मी म्हणेन. आपण नाम शोधत होतो आणि आपली बोली हे काम क्रियाविशेषणावर सोपवते. ‘सहज खेळलो’, ‘जाता-येता खेळतो’, ‘मन लावून खेळतो’, ‘झपाटल्यासारखा खेळतो’. माणूस तोच राहतो, खेळण्याची रीत बदलते. तोच शेतकरी हंगामात जाता-येता खेळेल आणि उन्हाळ्यात, वावर रिकामं असताना, मन लावून. ‘कॅज्युअल गेमर’ असा शिक्का मारला तर हे बदलणं दिसतच नाही. शौकीन हा शब्द बाद करू नका, पण तो दुसऱ्यानं कौतुकानं द्यायचा शब्द आहे, स्वतःबद्दल फॉर्मवर भरायचा नाही.

सिंदेवाहीहून

मले पण पटलं. आमच्या त्या नूब पोट्ट्याले ‘मन लावून’मध्येच टाका.

वडसाहून

मान्य ताई, बायकांच्या बाजूनं मी विचार केला नव्हता. आमच्याकडे नाटकाला निम्म्या बायाच असतात, पण त्यांना शौकीन म्हटलेलं मीही ऐकलेलं नाही. ‘तिले नाटकाची भारी आवड’ असंच म्हणतात.

आर्वीहून

सगळ्यांचे आभार. प्रश्नावलीचा पहिला भाग असा लिहिला आहे, अजून काही खटकत असेल तर रविवारच्या आत सांगा, सोमवारी प्रती काढायच्या आहेत.

१. सध्या कोणता गेम खेळता? (एकाहून जास्त असतील तर सगळे लिहा. पैसे लावून खेळायचे डाव इथे लिहू नका, ते शेवटच्या पानावर.)

२. तो गेम मध्येच सोडून उठता येतो का? सहज उठता येतं / डाव पुरा करूनच उठावं लागतं.

३. तुम्ही तो कसा खेळता? जाता-येता / मन लावून / कधी असं, कधी तसं.

४. ‘कधी असं, कधी तसं’ असेल तर केव्हा कसं? (हंगाम, परीक्षा, रातची लाइन, सुट्टी, जे लागू असेल ते.)

५. या गेमबद्दल दुसरे लोक तुम्हाला काही विचारायला येतात का?

पाचवा प्रश्न सिंदेवाहीच्या भावामुळे आला. मोर्शीच्या भाऊंचा ‘उभ्या-उभ्याचा’ हा शब्द फॉर्मवर घेतला नाही, कारण विचारणारी मुलं तो तोंडानं समजावून सांगतील. पण अहवालात तोच वापरणार आहे.

मोर्शीहून

दुसऱ्या प्रश्नात तिसरा पर्याय ठेवा : ‘उठता येतं, पण सोबतच्यांना राग येतो’. पोरांचं खरं उत्तर तेच राहील.